टोइक परीक्षेचं परीक्षण : ९९० गुण आणि खऱ्या कामाचे पाच प्रश्न

टोइक ही कामाच्या ठिकाणच्या इंग्रजीची आंतरराष्ट्रीय परीक्षा. तिचा ऐकण्या-वाचण्याचा पेपर दोन तासांचा आणि २०० प्रश्नांचा. या दोन तासांत उमेदवार एक शब्द बोलत नाही आणि एक वाक्य लिहीत नाही. तरीही ‘टोइक किती?’ असं विचारलं की सांगितला जातो तो याच परीक्षेचा, ९९० पैकी मिळालेला आकडा. आंतरराष्ट्रीय नोकरीसाठी कामाचं इंग्रजी शिकायचं साधन म्हणून ही परीक्षा निवडावी का? निवडावी, पण अर्धी निवडू नये. बोलण्याची आणि लिहिण्याची वेगळी टोइक असते आणि तिच्यात पाच प्रश्न असे आहेत की त्यांची नीट तयारी केली तर ऑफिसातलं निम्मं इंग्रजी हाताखालून जातं. ते पाच प्रश्न सोडून दिले तर उरते ती चांगली, पण एकांगी चाचणी.

थोडी ओळख. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस म्हणजे ईटीएस या अमेरिकी संस्थेने ही परीक्षा तयार केली आणि १९७९ मध्ये ती पहिल्यांदा जपानमध्ये झाली. जपान आणि दक्षिण कोरियातल्या कंपन्या नोकरभरती आणि बढतीसाठी आजही ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. विषय सगळे कामाचे असतात: खरेदी, बिलं, भरती, प्रवास, बैठका, यंत्रांची दुरुस्ती, ग्राहकांच्या तक्रारी. कुठल्याही एका क्षेत्राचं खास ज्ञान लागत नाही. व्हिसा किंवा विद्यापीठ प्रवेश हे ध्येय असेल तर मात्र आधी तिथली यादी पाहावी. ब्रिटनच्या व्हिसासाठी २०१४ पासून टोइक चालत नाही आणि स्थलांतरासाठी बहुतेक ठिकाणी आयईएलटीएससारखी दुसरी इंग्रजी परीक्षा मागतात. टोइकचं राज्य नोकरीच्या दारापुरतं आहे.

कान : ४५ मिनिटं, १०० प्रश्न

ऐकण्याच्या विभागात चार भाग आहेत. सहा चित्रं, २५ प्रश्नोत्तरं, १३ संभाषणांवरचे ३९ प्रश्न आणि १० निवेदनांवरचे ३० प्रश्न. आवाज अमेरिकी, ब्रिटिश, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन. सगळं एकदाच ऐकवलं जातं.

यातला दुसरा भाग सगळ्यांत सोपा वाटतो आणि सगळ्यांत जास्त गुण खातो. कागदावर काहीच छापलेलं नसतं. एक प्रश्न ऐकू येतो, तीन उत्तरं ऐकू येतात आणि निवडायला पाच सेकंद मिळतात. प्रश्न असा: ‘हू इज ऑर्गनायझिंग द ट्रेनिंग?’ एका पर्यायात ‘द ट्रेन लीव्हज ॲट नाइन’ असं येतं. ट्रेनिंग आणि ट्रेन कानाला सारखं लागलं म्हणून पुष्कळजण तेच निवडतात. बरोबर उत्तर असतं ‘द शेड्यूल वॉज ई-मेल्ड धिस मॉर्निंग’. त्यात कुणाचं नाव नाही, पण ‘मेल बघ, त्यात आहे’ असं माणसं खरोखर बोलतात. शब्दाला शब्द जुळवायची सवय इथे मोडते आणि ती मोडायलाच हवी.

मराठी बोलणाऱ्याचं घोडं आणखी एका ठिकाणी पेंड खातं. ‘डिडन्ट द शिपमेंट अराइव्ह येस्टर्डे?’ म्हणजे ‘काल माल आला नाही का?’ आपण सहज म्हणतो, ‘हो, नाही आला.’ इंग्रजीत इथे ‘येस’ म्हणजे आला आणि ‘नो’ म्हणजे नाही आला. प्रश्नात ‘नॉट’ आहे की नाही याचा उत्तराशी संबंध नसतो. परीक्षेत चुकलं तर एक प्रश्न जातो. पुरवठादाराशी फोनवर बोलताना ‘येस’ निघून गेलं तर तो माल पोहोचल्याची नोंद करून मोकळा होतो. अशी पंचवीस-तीस वाक्यं घेऊन रोज पाच मिनिटं मोठ्याने उत्तरं द्यावीत, आणि उत्तर नेहमी पूर्ण द्यावं: ‘नो, इट डिडन्ट.’ दुसरा सापळा ‘कॅन’चा. अमेरिकी उच्चारात होकारार्थी ‘कॅन’ वाक्यात दबून ‘कन’ होतं आणि नकारार्थी ‘कान्ट’ तिथे ‘कॅन्ट’ असतं, ज्याचा शेवटचा ट जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून वाक्याच्या मध्ये ठळक, जोर दिलेलं ‘कॅन’ ऐकू आलं तर बहुधा तो नकार असतो.

तिसऱ्या-चौथ्या भागात प्रश्न छापलेले असतात. ध्वनिफीत सुरू होण्याआधी तीन प्रश्न वाचून ठेवणं हीच इथली खरी युक्ती. प्रत्येक प्रश्नानंतर साधारण आठ सेकंदांची जागा असते. तिन्ही उत्तरं पटकन टिपून उरलेला वेळ पुढच्या तीन प्रश्नांना द्यायचा. एखादं उत्तर निसटलं तर सोडून द्यायचं. त्याच्या मागे लागलं की पुढचं संभाषण अर्धं निघून जातं आणि एकाचे चार प्रश्न होतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं काहीच ठेवायचं नाही.

डोळा : ७५ मिनिटं, १०० प्रश्न

वाचनात अडचण भाषेपेक्षा वेळेची होते. पाचव्या भागात गाळलेल्या जागांची ३० वाक्यं, सहाव्यात चार उताऱ्यांतल्या १६ जागा आणि सातव्यात ५४ प्रश्न. पाचवा भाग दहा मिनिटांत आणि सहावा आठ-नऊ मिनिटांत उरकला तरच सातव्याला पंचावन्न मिनिटं मिळतात. पाचव्या भागात संपूर्ण वाक्य वाचून अर्थ लावत बसणारा इथेच हरतो. आधी पर्याय पाहावेत. चारही पर्याय एकाच शब्दाची रूपं असतील, तर फक्त जागेच्या आजूबाजूचे शब्द पाहायचे: आधी ‘द’ आणि नंतर ‘ऑफ’ असेल तर नाम हवं, बाकी वाक्य वाचायची गरज नाही. ‘ऑल्दो’ की ‘डिस्पाइट’ असा प्रश्न असेल तर पुढे कर्ता-क्रियापद आहे की नुसतं नाम, एवढंच तपासायचं. असे प्रश्न दहा सेकंदांत सुटतात आणि उरलेला वेळ शब्दार्थाच्या प्रश्नांना पुरतो.

या सगळ्या पेपरात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटतात ते सातव्या भागातले दोन-तीन मजकूर एकत्र वाचायचे संच. समजा, एका जाहिरातीत लिहिलं आहे की ५०० किंवा जास्त नग मागवल्यास वाहतूक मोफत. सोबतच्या बिलात ४५० नग आहेत. तिसरा मजकूर ग्राहकाचा, वाहतूक खर्च का लावला म्हणून तक्रार करणारा. ‘खर्च का लावला?’ याचं उत्तर तक्रारीत नाही, एकट्या जाहिरातीतही नाही. ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर दिसतं. ऑफिसात करार, बिल आणि मेल समोर ठेवून माणूस दिवसभर हेच करत असतो. अशा संचात आधी प्रश्न वाचावेत, कुठल्या कागदात नावं, तारखा आणि आकडे आहेत ते पाहावं, आणि ‘अट’ सांगणाऱ्या ओळीवर खूण करावी: ‘इफ’, ‘अनलेस’, ‘ओन्ली’, ‘मिनिमम’. पाचपैकी एक-दोन उत्तरं हमखास त्या ओळीवरच टेकलेली असतात.

आकडा कसा वाचावा

दोन्ही विभागांना प्रत्येकी ५ ते ४९५ गुण. भाषेची पातळी मोजायच्या सीईएफआर या युरोपीय पायऱ्यांच्या बी-२ (मध्यमाच्या वरच्या) पातळीसाठी ऐकण्यात ४०० आणि वाचनात ३८५ लागतात. बेरीज ७८५, आणि हा आकडा उंबरठा म्हणून सगळीकडे फिरतो. पण बेरीज फसवते. ऐकण्यात ४८० आणि वाचनात ३१० मिळवणाऱ्याची बेरीज ७९० होते. तो ७८५ च्या पुढे दिसतो, पण त्याचं वाचन बी-२ ला पोहोचलेलंच नाही. अर्जात दोन्ही गुण वेगळे लिहावेत आणि स्वतःची तयारीही वेगळीच मोजावी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक विभागात मापनाची चूक सुमारे २५ गुणांची धरलेली आहे. म्हणजे महिन्याभराने पुन्हा परीक्षा देऊन वीस गुण वाढले तर प्रगती झाली असं म्हणता येत नाही, आणि वीस कमी झाले तर खचायचंही कारण नाही. प्रत्येक महिन्याला फी भरून परीक्षा देत राहणाऱ्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

ते पाच प्रश्न

आता मुख्य मुद्दा. बोलण्याची परीक्षा साधारण २० मिनिटांची आणि ११ प्रश्नांची, लिहिण्याची तासाभराची आणि ८ प्रश्नांची. दोन्ही संगणकावर आणि दोन्हींना प्रत्येकी २०० पैकी गुण. यातले मोठ्याने वाचणं, चित्राचं वर्णन, चित्रावरून एकेक वाक्य लिहिणं हे प्रकार सरावाला ठीक आहेत. शेवटचा तीस मिनिटांचा, किमान ३०० शब्दांचा निबंध कॉलेजच्या वर्गाला जवळचा आहे. नोकरीत कुणी असा निबंध मागत नाही. सोनं आहे ते बोलण्याच्या ८ ते १० आणि लिहिण्याच्या ६ व ७ या क्रमांकांच्या प्रश्नांत.

बोलण्याच्या त्या तीन प्रश्नांत पडद्यावर एक तक्ता येतो: प्रशिक्षणाचं वेळापत्रक, प्रवासाचा कार्यक्रम, मुलाखतींची यादी. वाचायला ४५ सेकंद मिळतात, मग एक माणूस फोनवर तीन प्रश्न विचारतो. पहिलं उत्तर १५ सेकंदांचं, दुसरं १५, तिसरं ३०. तक्ता पूर्ण वेळ समोर असतो. तरी माणसं अडखळतात, कारण तक्त्यात वाक्यं नसतात. तिथे असतं ‘मंडे, टेन थर्टी, रूम टू’ आणि बोलायचं असतं ‘ऑन मंडे ॲट टेन थर्टी इन रूम टू’. हे छोटे शब्दच गळतात. मराठीत ‘सोमवारी’, ‘साडेदहाला’, ‘खोलीत’ असे प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ते आपण कधी वेगळे उचलत नाही. म्हणून ४५ सेकंदांत तक्ता नुसता वाचू नये. प्रत्येक ओळीला मनात ‘ऑन, ॲट, इन, फ्रॉम-टू’ जोडत जावं.

दुसरा प्रश्न बहुतेक वेळा चुकीची माहिती दुरुस्त करायला लावतो. फोन करणारा म्हणतो, ‘दुपारचं जेवण शुल्कात धरलंय असं ऐकलं, बरोबर ना?’ तक्त्यात तसं नसतं. सभ्यपणे ‘येस’ म्हणून टाकणारे इथे गुण गमावतात, आणि ‘नो, रॉन्ग’ असं तोडून टाकणारेही. हवं असतं ते असं: ‘आय ॲम अफ्रेड दॅट्स नॉट करेक्ट. लंच इज नॉट इन्क्लुडेड, बट देअर इज अ कॅफेटेरिया ऑन द फर्स्ट फ्लोअर.’ आधी मऊ नकार, मग खरी माहिती, मग सोय. ग्राहकाला न दुखावता त्याची चूक सांगणं हे परदेशी नोकरीतलं रोजचं काम आहे आणि ते पंधरा सेकंदांत करायची सवय हा प्रश्न लावतो. मात्र तक्त्यात नसलेली सोय आपल्या मनाने जोडायची नाही. तिसऱ्या प्रश्नात दोन-तीन नोंदी सांगायच्या असतात आणि तो प्रश्न दोनदा ऐकवतात. ‘देअर आर टू सेशन्स. द फर्स्ट वन इज…’ असा आकडा आधी सांगून सुरुवात केली की ऐकणाऱ्याला दिशा मिळते आणि बोलणाऱ्याचा गोंधळही कमी होतो.

लिहिण्याच्या सहाव्या-सातव्या प्रश्नात मेलला उत्तर द्यायचं असतं, प्रत्येकी दहा मिनिटांत. सूचना मोजून दिलेली असते: ‘दोन प्रश्न विचारा आणि एक विनंती करा’ किंवा ‘दोन अडचणी सांगा आणि एक उपाय सुचवा’. छान इंग्रजी लिहून एकच प्रश्न विचारला तरी गुण कापले जातात. दीड मिनिट सूचना वाचून कामं मोजायला, सात मिनिटं लिहायला, दीड मिनिट तपासायला. तपासताना फक्त तीन गोष्टी पाहाव्यात: नामाआधी ‘अ’ किंवा ‘द’ राहिला का, अनेकवचनाचा ‘एस’ राहिला का, आणि दिलेली कामं सगळी झाली का. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ला जोडीदारच नाहीत, त्यामुळे ते लिहिताना सुटणारच, ते शेवटी शोधूनच भरावे लागतात.

मेलमध्ये मराठी ज्या वाटेने शिरते ती वाट ओळखली की अर्धं काम होतं. ‘आजच’ मधला ‘च’ उचलून लिहिलेलं ‘टुडे इटसेल्फ’. ‘विषयी चर्चा’ वरून आलेलं ‘डिस्कस अबाउट’. इंग्रजीत ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘ऑर्डर देणे’ वरून ‘गिव्ह ॲन ऑर्डर’, ज्याचा अर्थ हुकूम सोडणं असा होतो. माल मागवायचा तर ‘प्लेस ॲन ऑर्डर’. शंका म्हणून लिहिलेलं ‘डाउट’ परदेशी वाचणाऱ्याला अविश्वास वाटतो. तिथे ‘क्वेश्चन’ हवं. ‘प्रीपोन’ आपल्याकडे सर्रास चालतं, बाहेर पुष्कळांना कळत नाही. ‘मूव्ह द मीटिंग अप’ लिहावं. आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक ‘पर्यंत’ची. ‘गुरुवारपर्यंत अहवाल पाठवा’ आणि ‘गुरुवारपर्यंत ऑफिस बंद आहे’ या दोन्हींत आपला शब्द एकच. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय थर्सडे’, दुसऱ्याला ‘अनटिल थर्सडे’. पहिल्यात काम त्या मुदतीच्या आत कधीही पूर्ण व्हायचं असतं, दुसऱ्यात स्थिती तिथवर चालू राहते. मुदतीच्या मेलमध्ये हे उलटं झालं तर समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही.

विनंतीचा सूरही जुळवावा लागतो. मराठीत अदब क्रियापदात असते: ‘पाठवाल का?’ ती अदब ‘प्लीज सेंड’ मध्ये उतरत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला ते सौम्य हुकुमासारखं लागतं. ‘कुड यू सेंड मी द रिव्हाइज्ड कोटेशन बाय थर्सडे?’ एवढं पुरे. कोणतं काम, कोणाला, केव्हापर्यंत, हे एका वाक्यात बसतं. ‘काइंडली डू द नीडफुल’ मध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून ते वाक्य जुनाट वाटतं ही त्याची लहान खोट आणि त्यातून काहीच कळत नाही ही मोठी.

काय नाही या परीक्षेत

समोर माणूस नाही. संगणक तुमचं वाक्य मध्येच तोडत नाही, ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारत नाही, भाव करत नाही. घासाघीस, मध्येच बोलायची परवानगी घेणं, न कळलेलं पुन्हा विचारणं, लांब अहवाल, सादरीकरण यांतलं काहीच तपासलं जात नाही. त्यामुळे बोलण्यात बी-२ साठी लागणारे १६० गुण मिळवलेला उमेदवारही पहिल्या खऱ्या बैठकीत गप्प बसू शकतो. परीक्षेचा दोष म्हणून हे सोडून देण्यापेक्षा सरावात भर घालावी. बोलण्याच्या त्याच ८ ते १० क्रमांकांच्या प्रश्नांचा तक्ता घ्यावा, सोबत्याला फोन करणारा करावं आणि त्याने मध्येच तोडायचं, वेळ बदलायची, ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ असा घोळ घालायचा. उत्तर देणाऱ्याने ‘जस्ट टू कन्फर्म, डू यू मीन वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ असं विचारूनच पुढे जायचं. दहा मिनिटांच्या या खेळात परीक्षेची सगळ्यांत मोठी उणीव बरीचशी भरून निघते.

तयारीचा क्रम

सुरुवातीला दोन तास न थांबता एक पूर्ण सराव परीक्षा द्यावी आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावं: शब्द माहीत नव्हता, आवाज पकडता आला नाही, वेळ संपली, की सापळ्यात सापडलो. बहुतेकांच्या वहीत यातलं एक कारण बाकीच्यांपेक्षा दुप्पट निघतं. तयारी तिथून सुरू करावी. हे न करता सराव परीक्षांमागून सराव परीक्षा सोडवत राहणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. त्यातून परीक्षेची सवय होते, भाषा तिथेच राहते.

रोज तिसऱ्या भागातलं एकच संभाषण घ्यावं. एकदा ऐकावं, मग थांबवत लिहून काढावं, छापील मजकुराशी ताडून न पकडलेल्या जागा अधोरेखित कराव्यात आणि शेवटी आवाजाच्या अर्ध्या सेकंद मागून स्वतः बोलत जावं. ‘शुड हॅव’ प्रत्यक्षात ‘शुडव्ह’ का ऐकू येतं ते तोंडाने बोलल्याशिवाय कानाला कळत नाही. पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्याला तीन तक्ते आणि दोन मेल, घड्याळ लावून. तक्त्यांची उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावीत. त्याच दिवशी ऐकलं तर चुका सुटतात. ऐकताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं. एक, प्रत्येक अक्षरावर सारखा जोर पडतोय का. मराठीच्या लयीत तो पडतो, इंग्रजीत ‘डेव्हलप’चा जोर मधल्या ‘व्ह’वर हवा. दोन, इंग्रजीतले दोन ‘व’ वेगळे निघतायत का: ‘व्हेस्ट’ला खालचा ओठ दाताला लागतो, ‘वेस्ट’ला ओठ गोल होतात.

तारीख ठरवताना आम्ही बोलण्या-लिहिण्याची परीक्षा आधी ठेवू आणि ऐकण्या-वाचण्याची तिच्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. तक्ते आणि मेलच्या सरावाने कान आणि वाचन दोन्ही सुधारतात. उलट क्रमाने ते होत नाही. गुणपत्रिका दोन वर्षांपर्यंतच ग्राह्य धरली जाते, म्हणून नोकरीचे अर्ज कधी करणार ते ठरवूनच नाव नोंदवावं.